स्पृहाच्या कपाळावरची खूण

आई,

तुम्ही आणि स्पृहा, दोघी झोपल्या आहात, म्हणून उठवलं नाही. बसने झिंडेलफिंगेनला डॉक्टरांकडे चाललेय. मनगटातल्या नसेची तपासणी आहे. इथे जर्मनीत दोन महिने थांबून डॉक्टरांचा हा टर्मिन, म्हणजे वेळ, मिळालाय. तुमच्या लेकाला सांगितलेलं नाही.

अक्षर समजून घ्या, पेन धरवत नाही. बाळंतपणातला वात म्हणालात, म्हणून महिनाभर रोज तेल चोळलं. तरी बोटांत मुंग्या आहेत, झोप नाही, दिवसभर अंगात त्राण नाही. तुम्हाला तो आळस वाटतो. वाटू दे.

पण मी एक खोटं बोललेय. स्पृहाच्या कपाळावरची खूण पाळणा लागून झालेली नाही. काल अंघोळ घालताना ती माझ्या हातांतून सुटली. हात तेलाचे होते, आणि बोटांना काही कळलंच नाही. ती रडली तेव्हा कळलं.

तिला उलटी झाली तर लगेच फोन करा. दूध फ्रिजच्या दारात आहे, कोमट करून पाजा.

मी आले की ती माझ्याकडे झेपावेल. तुम्ही नेहमीसारखं "घे गं, तिला आईच हवी" म्हणाल. म्हणू नका. माझ्याकडे देऊ नका तिला.

स्वरूपा