सुतक कोनाले लागते

सानगडी, ता. ११ ऑगस्ट १९७४

ती. निर्मलाबाईले धाकट्या बहिणीचा, रुखमाचा, सा. न. वि. वि.

इकडं सारे बरे हाये. धानाचा रोवना आटोपत आला. सहावीतून शाळा सुटली तवापासून लिवाची सवय नाई, वाकडं अक्षर समजून घेजो.

बाई, वयनीले तिसरा महिना चालू हाये. मागच्या बाळंतपनात किती रगत गेलं, तुले मालूम हाये. आता पुन्हा झालं तं जीवावर बेतन, असं डॉक्टर म्हनते. घरात चार लेकरं हायेत. वयनी म्हनते का भंडाऱ्याले जाऊन पोट खाली करून घेतो. भाऊ म्हनते, तुले जमन तसं कर. माय म्हनते, जीव मारशील तं ह्या घरात पाय ठेवू नोको. दोघी बोलत नाई. भाजीत मीठ कमी हाये हेही मलेच सांगा लागते.

आता माहा सवाल. दोन वर्साआधी वयनीचं चार महिन्याचं पडलं होतं. मायनंच परसात पुरलं आन् सुतक धरलं नाई. मी इचारलं तं म्हने, अजून कोनी झालंच नोतं, कोनाचं धरू? मंग हे तीन महिन्याचं कोनी कसं झालं? मी तोंड चालवून नाई राहिली, मले खरंच समजत नाई. जीव येते कवा?

हे भाऊजीले वाचू देऊ नोको, मले लाज येते. तुही माया मले पुरते, ते कमी नोको करू.

रुखमा

शहापूर, ता. १७ ऑगस्ट १९७४

चि. रुखमाले अनेक उ. आ.

मास्तरनं नाव इचारलं तं खाली पाहत होतीस, आन् कागदावर वकिली करून राहिली. भाऊजीनं वाचलं नाई, पाकीट मात्र दोनदा उलटंपालटं करून पाहिलं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरीनबाईले इचारलं. बाईच्या जीवाले धोका असन तं कायद्यात चालते म्हने, आन् तिचं सोताचं हो पाहिजे, नवऱ्याचं नाई. जीव कवा येते, हे मात्र तिले सांगता आलं नाई. काम मी करतो, पन हा सवाल माह्यासंग घरी येते, असं म्हने. माही सासू म्हनते, पोटात हालते तवा. शेजारची गिरजाबाई म्हनते, पयल्या दिवसापासून.

मले नोको इचारू. सात वर्स वाट पाहून मले दिवस गेले, तं दुसऱ्याच महिन्यात मी झबलं शिवून ठेवलं होतं. तवा कोनी म्हटलं असतं का अजून कोनी नाई, तं मी तोंड पाहिलं नसतं त्याचं. पन वयनी गेली तं ते चौघं कोनाले माय म्हनतीन, हेही मनातून जात नाई.

मायलेच इचार. समोर बसून नोको, हात कामात असले का इचारजो. पत्र टाकत राय, तेवढाच जीवाले आधार.

निर्मला

सानगडी, ता. १ सप्टेंबर १९७४

ती. निर्मलाबाईले सा. न. वि. वि.

धानाच्या बांधीत निंदताना मायले इचारलं. माय निंदत निंदत बांधाच्या धुऱ्यापावतर गेली. मंग म्हने, तवा वयनी अन्नाले शिवत नोती. मी सुतक धरलं असतं तं तिले वाटलं असतं का लेकरू मेलं. तिच्यासाठी म्हटलं होतं कोनी नोतं. माह्या मनात तं होतंच.

मी हे जसंच्या तसं वयनीले सांगतलं. निरोप नेन्याची सवयच हाये मले. वयनीनं चुलीत लाकूड सारलं. मंग म्हने, मायले सांग, मी परवा जातो.

जायाच्या दिवशी माय धुतलेलं लुगडं नेसून मोटरीत वयनीच्या बाजूले जाऊन बसली. माय म्हने, मले अजून पटलं नाई, पन एकटी नोको जाऊ.

भंडाऱ्याले काम झालं, वयनी बरी हाये. घरी आल्यावर मायनं डोक्यावरून पानी घेतलं, चुलीले शिवली नाई, देवाले शिवली नाई. कोनाचं सुतक इचारलं तं म्हने, दोघाचं, मागचं राहून गेलं होतं. मले वाटलं आता भांडन होते. वयनी म्हने, तुमी धरा माय, मले नाई वाटत तसं, मले भूक लागली.

मी भात रांधला. वयनीनं सोताच्या हातानं वाढून मायचं ताट दुरूनच तिच्यापुढं सरकवलं. माय जेवली, आन् मले नाई, वयनीलेच सांगतलं का अजून थोडा भात दे.

जीव कवा येते ते मले अजून समजलं नाई. पुढच्या वेळी आली का तूच मायले इचारजो, माहा नंबर झाला.

आठवन ठेवजो, माया पातळ होऊ देऊ नोको. हे पत्र भाऊजीनं वाचलं तरी चालते.

तुही रुखमा