थोरली आणि धाकटी

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, मग दोघींपैकी कुठली आणताय?" आणि मी "कळवतो" म्हणून तुझ्या खोकल्याची चौकशी करायला लागलो. तुला खोकला नव्हताच, हे नंतर लक्षात आलं. फोनवर मला धड बोलता येत नाही. तुझी आई शेजारी बसून माझी वाक्यं पुरी करते आणि ती माझ्या मनात असतात त्याहून चांगली होतात. म्हणून आज ती बाहेर जायची तयारी करत असताना खिडकीपाशी कागद घेऊन बसलोय. तुमच्या इमारतीत एकाच गाडीला जागा आहे, तेव्हा दुसरी विकावी लागणार, हे मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. तुम्ही दोघांनी आमच्यासाठी खोली रंगवून घेतली, पलंगाची उंची आईच्या गुडघ्यांना सोयीची आहे ना हे जावईबापूंनी स्वतः बसून बघितलं, हेही मी विसरलेलो नाही. पण गाडीचं जे ठरलं ते एका ओळीत सांगण्यासारखं नाही.

आपल्या घरात तांबडी मोटरसायकल लहान आणि काळी चांगली दांडगी. तरी तांबडीला थोरली आणि काळीला धाकटी का म्हणतात, असं तू लहानपणी येईल त्या पाहुण्याला विचारत सुटायचीस. थोरली या घरात माझ्याही आधीची, म्हणून थोरली. ती तुझ्या आईची. मी तेव्हा लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावर नवा होतो. एका उंच इमारतीत लिफ्ट मधेच अडकली म्हणून मला बोलावलं. आत कोण आहे ते ठाऊक नव्हतं, आवाज मात्र खणखणीत येत होता. "अहो मिस्त्री, वर बाई अडलीय! बाळ काय तुमच्या पान्यासाठी थांबणार आहे?" आत सुईण अडकली होती. दार उघडलं तर मजला अर्ध्यावर; मी हात द्यायच्या आत बॅग माझ्या छातीवर आपटून ती स्वतःच चढून वर आली आणि धन्यवाद वगैरे काही न म्हणता जिना चढून पळाली. मी लिफ्ट दुरुस्त करून खाली येऊन बसलो. काम संपलं होतं, तरी बसलो. बऱ्याच वेळानं ती उतरली. केस विस्कटलेले, चेहरा घामानं ओला, पण अशी खूश, जणू बाळ तिलाच झालंय. तिची तांबडी मोटरसायकल काही केल्या चालू होईना. मी प्लग काढून पुसून दिला. "लिफ्टपेक्षा हे बरं जमतं तुम्हाला," एवढंच म्हणाली. त्या वाक्यावर मी लग्न केलं, असं समज.

धाकटी घेतली ती तुझ्या जन्माच्या आधी. कारण सांगताना मी कामाचं सांगायचो, जड हत्यारं न्यावी लागतात वगैरे. खरं म्हणजे मला तिचा आवाज आवडला होता. कुठल्या चौकातून मी वळलो हे आईला घरात बसून कळायचं आणि ती भाजी गरम करायला ठेवायची. तू त्या गाडीच्या टाकीवर बसून मोठी झालीस. तळ्यावर जायचे ते रविवार आठवतात? दोन्ही गाड्या निघायच्या. जाताना तू माझ्याकडे, येताना आईकडे, असा तुझाच कायदा. निघताना तुझी अदलाबदल करायला आम्ही तळ्याकाठच्या वडाखाली थांबायचो आणि तू रडायचीस. तिकडे जायचं म्हणून नव्हे, इकडून उतरायचं म्हणून. मग आईच्या पाठीला गाल लावून झोपून जायचीस. आईच्या ओढणीचा पट्टा तुझ्या कमरेभोवती, आणि मी मागून हळूहळू येतोय, तुझं डोकं डुलतंय का बघत. संसार म्हणजे काय असं मला कुणी विचारलं असतं तर मी तो रस्ता दाखवला असता.

आई निवृत्त झाली आणि थोरली जिन्याखाली गेली. कुणी तिला थांब म्हटलं नव्हतं. बोलावणी बंद झाली, मग निघायला कारण उरलं नाही, आणि कारणाशिवाय गाडी काढणं तिला उधळपट्टी वाटायचं. मी अधूनमधून दोन्ही गाड्या चालू करून ठेवायचो. थोरलीचं इंजिन सुरू झालं की आई वर पदर खोचून उगाच भांडी जागच्या जागी लावायची. त्यामुळे तुझा निरोप आला तेव्हा मी सहज म्हणालो, थोरली विकू. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." भिंगरे, तुझ्या आईनं आयुष्यात कधी असं म्हटल्याचं तुला आठवतं? मी तिथंच सावध व्हायला हवं होतं. पण माझं डोकं दुसरीकडे होतं, आणि आता तेच सांगायचंय.

तू आम्हाला बोलावलंस आणि मी लगेच हो म्हणालो, तेव्हा तुला नवल वाटलं होतं. "बाबा, एवढ्या पटकन?" असं तू हसून विचारलंस. त्याच आठवड्यात मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. काचबिंदू आहे. घाबरू नकोस, समोरचं मला लख्ख दिसतं, हे पत्र चष्मा लावून मीच लिहितोय. कडेचं मात्र हळूहळू नाहीसं झालंय, आणि ते इतक्या गुपचूप गेलं की मला पत्ताच लागला नाही. गेलं ते परत येत नाही, राहिलं ते औषधाच्या थेंबांनी सांभाळायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि गाडी चालवायची नाही. मी घरी कुणाला बोललो नाही. ठरवलं, लेकीकडे जाऊ, तिथं गर्दी फार म्हणून गाडी काढत नाही असं सांगू, आणि धाकटीला खाली उभी करून रोज पुसू. कुणाला काही कळणार नाही. म्हातारपणी माणूस किती बारीक हिशेबी होतो बघ.

थोरली बघायला लोक येणार होते त्या सकाळी मी धाकटीवरून दूध आणायला निघालो. जवळच तर जायचं, म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. फाटकातून बाहेर पडलो आणि डावीकडून सायकलवरून पाव घेऊन येणारी बाई मला दिसलीच नाही. उशिरा दिसली असं नाही, दिसलीच नाही. तिनंच सायकल बाजूला घातली म्हणून बरं, पण ती पडली, पाव रस्ताभर घरंगळले. मी ओरडलो, "अहो, बघून चालवा की!" त्या बाईनं माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून दिसतं. आई गॅलरीत उभी होती. ती खाली आली, बाईचा गुडघा धुऊन पट्टी बांधली, पाव गोळा केले, सगळे विकत घेतले. आम्ही घरात बसून तो ढीगभर पाव बघत राहिलो.

दुपारी गाडी बघायला जनावरांची डॉक्टर आली, तरुण, उंच पोरगी, सोबत तिची मावशी. लांबलांबच्या गोठ्यांवर फिरायला तिला मोटरसायकल हवी होती. आईनं थोरलीवरचं कापड काढलं. पोरगी विचारत होती आणि आई सांगत होती. क्लच जरा कडक आहे, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रुसते, पावसात ब्रेक आधीपासून धरायचा. बोलता बोलता तिनं गाडी स्टँडवरून उतरवली, पाय टाकून बसली, हँडल धरलं, आणि बोलायची थांबली. मग त्या मुलीला म्हणाली, "तुला फुकट त्रास झाला बाळा, पण ही विकायची नाही. ती काळी विकायची आहे. तुझे पायही टेकतील तिच्यावर." मी म्हणालो, "अगं!" ती म्हणाली, "तुम्ही वर चला."

वर आल्यावर तिनं दार लावलं. "डोळ्यांचं मला कधी सांगणार होतात?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती इतकी चिडली की मीच पाणी आणून दिलं. "म्हणजे तुम्हाला दिसत नाही म्हणून मी घर सोडायचं, गाडी सोडायची, आणि कशासाठी ते मला कळायचंही नाही?" मग पेला खाली ठेवून म्हणाली, "मला तर वाटलं, तुम्हाला लेकीजवळ राहावंसं वाटतंय. म्हणून मी मुकाट्यानं तयार झाले." बघ, मी डोळे लपवायला निघालो होतो, ती माझ्यासाठी, आणि दोघांनाही निघायचं नव्हतं.

मी दोन दिवस फुगून बसलो, हे लपवत नाही. मग तिनं मला बंद पडलेल्या गोदामाच्या आवारात नेलं, थोरली ढकलत. इतक्या वर्षांनी बसत होती. गाडी बंद पडली, पुन्हा बंद पडली, एकदा झुडपात शिरली आणि आई झुडपातून इतकी हसत बाहेर आली की मला त्या अर्ध्यावर अडकलेल्या लिफ्टमधली मुलगी दिसली. आठवड्यानं म्हणाली, "बसा मागे." मला मागे बसायची सवय नाही. हात कुठं ठेवायचे कळेना, आणि प्रत्येक वळणावर माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. "पाय गप्प ठेवा," ती ओरडली. मी ठेवला. मग पहिल्यांदा मान वळवून दोन्ही बाजूंचा रस्ता नीट बघितला. इतकी वर्षं मी नुसता समोरचाच बघत आलो होतो.

धाकटी त्या डॉक्टर मुलीनं नेली. मी तिला सगळ्या खोडी समजावल्या. ती निघाल्यावर आवाज चौकापर्यंत ऐकला, वळण ऐकलं, मग पुलापर्यंत. आई माझ्याजवळ उभी होती. ती भाजी गरम करायला गेली.

आता हे पत्र का लिहिलं ते. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला गाडीवर बघितलं आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारलं, नव्या बाळंतिणींना घरी जाऊन बघाल का, आमच्या नर्स पोरींना बाळ धरायलाही भीती वाटते. आईनं "यांना विचारते" म्हटलं आणि माझ्याकडे न बघताच हो म्हणाली. भिंगरे, आम्ही तुझ्याकडे राहायला येणार नाही. तुझ्या खोलीला, तुझ्या पलंगाला, तुझ्या मनाला नाही म्हणताना माझा हात जड झालाय, आणि हे तुला आईनं सांगावं असा डाव मी दोनदा टाकून बघितला, पण ती म्हणाली, तुमची लेक आहे, तुम्ही सांगा. तर सांगतो. एक दिवस बहुधा यावंच लागेल, तेव्हा नाक मुठीत धरून येऊ आणि तू खुशाल टोमणे मार. आज मात्र आम्हाला इथंच राहू दे. रागावलीस तर माझ्यावर रागाव, आणि चार दिवसांनी फोन कर. खाली हॉर्न वाजतोय. नव्या वस्तीत जुळी झालीयत, आणि तिची बॅग माझ्याकडे आहे.

तुझाच, आणि तरीही इथंच राहणारा,
बाबा