डिसेंबरात काय वाजतं?

गिरगाव,
१२ ऑगस्ट २०२५

चि. सम्यक यास बकुळाबाईंचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा बदलून वर्ष उलटलं, आता जिना एकटी उतरते. कुरकुर मात्र दोघांची चालू असते, गुडघ्याची आणि माझी. तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, आणि कॉलेजचा ईमेल तर तू कॉलेज सोडल्यावर बंदच झाला. म्हणून हा कागद. नाशिकचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, पत्ता मिळेपर्यंत मी करी रोडच्या तुमच्या घरातून उठलेच नाही.

आधी बातमी, कारण मला दम धरवत नाही. आपला पेपर स्वीकारला गेला! कुठे, ते ऐक. ज्या जर्नलचे जुने अंक तू लायब्ररीत उभ्या उभ्या वाचत राहायचास, त्याच जर्नलमध्ये. मी ईमेल वाचला, चष्मा पुसला, परत वाचला, आणि परवा डॉक्टरांना न विचारता दोन पेढे खाल्ले.

आता काम. छापण्याआधी जर्नल प्रत्येक लेखकाला विचारतं, हे लेखन तुमचं आहे ना? मी हो कळवलं. तुला विचारलं ते त्या मेलेल्या ईमेलवर गेलं. महिनाअखेरपर्यंत तुझं ‘हो’ पोचलं नाही, तर तुझं नाव गळेल. आणि पेपरवर नाव नाही तर पीएच.डी. नाही, हा नियम तुला माझ्यापेक्षा पाठ आहे. जाताना तू एका ओळीत लिहिलं होतंस, ‘माझं नाव काढा.’ मी नाही काढलं. तुझं सगळं ऐकायचं असं आपलं कुठे ठरलं होतं?

गंमत बघ. तीस वर्षं मी काचेच्या तारेतून उजेड पाठवण्याच्या या विषयातले पेपर तपासते आहे, म्हणून मला यातल्या फॅशनी कळतात. एका काळी ज्याच्या त्याच्या शीर्षकात ‘क्लाउड’ असायचा. मग सगळे सॉफ्टवेअरच्या मागे धावले. आता मशीन लर्निंगचा शिक्का नसला तर पेपरला कुणी दारात उभं करत नाही. गेल्या वर्षी आपण पेपर पहिल्यांदा पाठवला तेव्हा पहिल्या परीक्षकाने हेच विचारलं होतं, आठवतं? ‘यात मशीन लर्निंग कुठे आहे?’ अरे बाबा, यात दादरचा रस्ता आहे, तो पुरेसा नाही का! बहुतेकांची काचेची तार लॅबमध्ये रिळावर गुंडाळलेली, एसीत बसलेली. नाहीतर सगळा प्रयोग कॉम्प्युटरच्या आत. आपली तार रस्त्याखालून माटुंग्याहून दादरवरून परळला जाते, ट्रक, टॅक्सी आणि माणसं डोक्यावर घेऊन. आणि आता जिकडे तिकडे रस्त्यावरच्या तारेची मोजमापं हवी झाली आहेत. आपण होतो तिथेच बसून होतो, फॅशनच हिंडून फिरून आपल्या दारात आली.

दुसऱ्या परीक्षकाने तेव्हा आपल्या मोजमापांतले डिसेंबरचे दिवस काढून टाकायला सांगितलं होतं. ‘यंत्राचा दोष दिसतो’ म्हणे. मग आपल्या विभागात ती मीटिंग झाली.

तिच्याबद्दल मी या पत्रात लिहिणार नव्हते. पण न लिहिता पुढे जाताच येत नाही.

त्या आठवड्यात मी हॉस्पिटलात होते. तू सोडून गेलास एवढंच मला कळवण्यात आलं. मला वाटलं, पेपर परत आला म्हणून कंटाळलास. तुझा रागही आला होता. खरं काय ते लॅबमधल्या लवूने सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. तू म्हणालास, हे दिवस काढायचे नाहीत, सहा डिसेंबरला लोक चैत्यभूमीला चालत जातात, ही त्यांची पावलं आहेत. त्यावर आपले विभागप्रमुख हसले. “गणपतीत ढोल वाजतात, ते मी समजू शकतो. पण डिसेंबरात काय वाजतं? तुमचे लोक नुसते चालतात ना?”

“मॅडम, तो तसाच उठला,” लवू म्हणाला. “बॅग घेतली नि गेला.”

सम्यक, ते ऐकून मला इतका संताप आला की लवू बिचारा माझ्यासाठी पाणी आणायला पळाला.

मग मी काय केलं, तर गेल्या सहा डिसेंबरला लॅबमध्ये जाऊन बसले. एरवी त्या दिवशी मी शहाण्या मुंबईकरासारखी दादर टाळते. आपली अख्खी लॅबच टाळते. गर्दी होणार म्हणून सगळे रजेवर, आणि परत आल्यावर आलेख वाकडा दिसला की ‘यंत्र बिघडलं’ अशी नोंद. दर वर्षी तेच. जे चालत होते त्यांना विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. तू स्वतःहून सांगितलंस, तर तुला हसले.

यंत्र ठणठणीत होतं. रेषा पाच तारखेपासून चढायला लागली. सहाला रस्ता वाहनांना बंद, ढोल नाही, ताशा नाही, आणि तरी वरच्या पावलांनी तारेतला प्रकाश पीळ खात राहिला, सकाळपासून अखंड. सातला हळूहळू उतरला. तू म्हणाला होतास तसाच, तंतोतंत. मी रडले रे. लॅबमध्ये कुणी नव्हतं म्हणून मोठ्यांदा रडले.

एकही दिवस न काढता पेपर नव्याने पाठवला. आणि या वेळच्या परीक्षकाने काय लिहावं? ‘वाहनांशिवाय, वाद्यांशिवाय, केवळ माणसांच्या चालण्याची इतकी स्पष्ट खूण रस्त्यावरच्या तारेत मी याआधी पाहिली नव्हती. हे दिवस वगळू नयेत. पेपर याच दिवसांवर उभा करावा.’ हे वाक्य मी प्रिंट काढून विभागाच्या नोटीस बोर्डवर लावलं आहे. लवू त्याची राखण करतो.

परवा विभागप्रमुख आले माझ्या खोलीत, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहेच, काम कुणाचंही असो, साहेबांचं नाव शेवटी जाऊन बसतं. म्हणाले, “मॅडम, माझं नाव राहिलं वाटतं घालायचं.”

मी म्हटलं, “साहेब, डिसेंबरात काय वाजतं ते सांगा. लगेच घालते.”

हातातला पेढा बॉक्समध्ये परत ठेवून ते निघाले. बॉक्स मी ठेवून घेतला. वर सांगितलेले दोन त्यातलेच.

तुझ्या आईला आलेख दाखवायला नेला होता. म्हटलं, शांताबाई, रस्त्याखाली केसाएवढी काचेची तार आहे, तिच्यातून आम्ही उजेड सोडतो, वरून माणसं गेली की तो हलतो. तिने कागद खिडकीपाशी नेऊन नीट बघितला.

“ह्यात मी कुठं हाय?”

“हा चढ आहे ना, हा सगळ्यांचा मिळून आहे.”

“आन् सम्यक?”

“तोही यातच. पाण्याच्या स्टॉलवर असतो ना तो दर वर्षी?”

“कुठला स्टॉल! तिथं टिकतोय का एका जागी? सारखा म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून पोचवत असतो,” ती म्हणाली, आणि कागद मला परत द्यायचं नावच काढेना. शेवटी तो तिथेच ठेवून आले. भिंतीवर लावला असेल.

नाशिकला तू शिकवतोस त्या क्लासमधली मुलं तुझ्यावर खूश असतील, त्यात मला शंका नाही. तिथेच राहायचं असेल तर राहा, मी जबरदस्ती करणार नाही. पण त्या रस्त्यावर तू चाललास, ते मोजलंस तू, आणि सगळे हसत असताना खरं बोललास तेही तूच. हे दुसऱ्या कुणाच्या नावाने छापलं जाणं मला सहन होणार नाही. माझ्या एकटीच्या नावाने तर मुळीच नाही. लेखकांच्या ओळीत पहिलं नाव तुझं आहे, दुसरं माझं, आणि तिसरं नाही. आयुष्यभर मी मार्गदर्शक म्हणून मिरवले, पण दुसऱ्या नंबरवर बसून एवढा आनंद होतो हे मला माहीत नव्हतं.

जर्नलचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. मला उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल. त्यांना फक्त ‘हो’ कळव.

तुझ्या नावानंतर जिचं नाव येतं ती,
बकुळाबाई