गोपीनाथची उरलेली षटके

१ जुलै १९९८
सिल्व्हर पार्कात घर मिळालं, आणि भाईंदर पश्चिमेला नोकरीही. गिरगावातल्या एका खोलीतून सुटलो म्हणून बायको, नेत्रा, दिवसभर गुणगुणत होती. ऑफिस छोटंसं, मालक महिपतराव. पावसाने सामना अडला की उरलेली षटकं आणि हातातले गडी बघून नवं लक्ष्य काढणारा प्रोग्राम आम्ही क्रिकेट स्पर्धांना पुरवतो. दिवस झकास गेला. एवढंच, की माझ्या खुर्चीच्या वर हार घातलेला एक फोटो आहे. गोपीनाथ. प्रोग्राम त्याने लिहिला. गेल्या वर्षी १७ जुलैला, दुपारी चार दहाला, पावसाचं पाणी आत आलं आणि मशिनचा शॉक बसून तो याच टेबलावर गेला.

४ जुलै
दिवसभर गोपीनाथ, गोपीनाथ. जवळच्या पाली गावाहून येणारी चहावाली शालू पहिला कप त्याच्या फोटोखाली ठेवते. मी हसून कारण विचारलं तर म्हणाली, "तेच्यासारखा मानूस न्हाय." आज मी त्याची चार धावांची चूक शोधून दिली. महिपतराव म्हणाले, बिचारा दमला असेल त्या दिवशी. माझं कौतुक राहिलंच.

८ जुलै
मेलेल्या माणसावर जळतोय. लाज वाटते, पण जळतोय. पहिल्या पडद्यावर त्याचं नाव, छापील निकालाखाली त्याचंच. घाम माझा. परवा स्पर्धेची समिती प्रोग्राम बघायला येणार, तेव्हाही तेच नाव बघणार.

९ जुलै
केलं. सगळ्या फायलींत 'गोपीनाथ' शोधून तिथे माझं नाव, 'जितेंद्र', घाल, असा एकच हुकूम मशिनला दिला. नाव कुठे कुठे आहे ते बघत बसलो नाही. चव्वेचाळीस ठिकाणी बदललं. छान झोप लागेल आज.

१० जुलै
समितीसमोर महिपतरावांनी पाठ थोपटली, आमच्या जितूने एकट्याने लिहिलाय म्हणाले. मला वाटलं, धंद्यासाठी मारलेली थाप. नंतर मीच गोपीनाथचा विषय काढला, तर त्यांनी विचारलं, हा कोण. भिंतीवर नुसता खिळा आहे. खरं सांगतो, मला आनंद झाला.

१३ जुलै
चाचणीच्या सामन्यांत एक विचित्र नोंद सापडली. तपासताना आम्ही प्रोग्रामवाले संघाच्या जागी आपलंच नाव टाकतो, तसं त्यानेही टाकलं असणार. आता तिथे माझं आहे. 'जितेंद्र. खेळ थांबला: १७ जुलै, ४.१०. कारण: पाऊस. उरलेली षटके: ४.'
वेळ कोणी भरली? तेव्हा तर तो या टेबलावर पडला होता.

१४ जुलै
पाऊस. उरलेली षटके ३. मी तर हात लावला नाही. जुनं नाव परत घालायला गेलो. मशिन म्हणतं, गोपीनाथ नावाचा संघ नाही.

१५ जुलै
२. फाईल काल पुसली होती, सकाळी पुन्हा हजर. नेत्राला सगळं सांगितलं. रोज घरी त्याच्या नावाने बोटं मोडत होतो, आणि ती विचारते, कोण गोपीनाथ?

१६ जुलै
१. महिपतरावांनी माझा फोटो मागितलाय. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा फोटो भिंतीवर हवाच, म्हणाले. खिळा आहेच.

१७ जुलै
जाणार नव्हतो. दुपारी महिपतरावांनी रिक्षा पाठवली, सोबत निरोप: सामना पावसाने अडलाय, जितूशिवाय लक्ष्य कोण काढणार?
जितूशिवाय. एवढंच ऐकलं, आणि निघालो.

चार वाजून पाच. मशिन बंद आहे. वायर मीच काढली. खुर्ची लांब ओढून वहीत लिहितोय. खिडकी लावली होती — आता उघडी —

शालू आली. पहिला कप मला दिला नाही. खिळ्याखाली ठेवला आणि हात जोडले.

मशिनचा पडदा उजळलाय. वायर तर माझ्या — षटके ०.

पायाखाली पाणी —

गोपीनाथ, घे तुझं नाव. तूच लिहिलास, मी नाही, सगळ्यांना सांगतो, प्रोग्राम गोपी