तिसऱ्या रांगेची पाहणी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा, पाठ जेवढी वाकते तेवढा वाकून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालायला विसरत नाहीस ना? गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस की कानाचं यंत्र लावल्यापासून शेजारणीचं सगळं ऐकू येतं, म्हणून तू ते काढून ठेवलंस. उत्तम केलंस. इकडे सर्व ठीक. सौ. ठणठणीत आहे (म्हणजे रागावलेली आहे), नातवंडं उंच होताहेत, आणि मी नेहमीसारखाच. फक्त या मंगळवारी माझी घडी घातली गेली. ते कसं, ते सविस्तर लिहितो. चष्मा पुसून घे.

चिरंजीव गाडी घेताहेत. साधी नाही, उंच, रुंद, आलिशान, जिच्यात चढताना आधी मनाची तयारी करावी लागते अशी. आपल्या लहानपणी घरात एकच सायकल होती, आठवते ना? पुढे दांडीवर तू, मागे कॅरिअरवर मी आणि मध्ये बाबा. शाळा येईपर्यंत ते आपल्याकडून कविता म्हणून घ्यायचे. सपाट रस्त्याला भुजंगप्रयात, चढ लागला की ओवी, कारण ओवीत दम खायला जागा असते. त्या सायकलीची कुणी कशाशी तुलना केल्याचं मला स्मरत नाही. एकच होती, तुलना कशाशी करणार? आता मात्र चिरंजीवांनी माझ्या हातात एक कागद दिला. वर तीन गाड्या, बाजूला एकोणीस प्रश्न, मधली घरं रिकामी. म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला वेळ आहे, नीट बसून बघा आणि भरा.’ ताई, छत्तीस वर्षं मी वर्गातल्या मुलांना गाळलेल्या जागा भरायला लावल्या. त्याची फेड अशी होईल असं वाटलं नव्हतं.

गाड्या तीन: शेवाळी, काळी आणि पांढरी. (त्यांना खरी नावं आहेत, पण ती सगळी मला औषधांची वाटतात आणि एकीचं नाव दुसरीला लागतं.) शेवाळी पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण नातीला तो रंग खोकल्याच्या बाटलीचा वाटला. उरलेल्या दोघींची माहिती सांगायला टाय लावलेला एक हसतमुख गृहस्थ होता. त्याला आपण टायवाला म्हणू. मी विचारलं, टॉर्क म्हणजे काय? तर म्हणाला, ‘ओढ, आजोबा. चारशे आहे.’ ओढ आकड्यात मोजतात हे मला कोणत्याच कवितेने शिकवलं नव्हतं. मी कागदावर ‘ओढ: चारशे’ असं लिहिलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसलो. मग कॅमेरा. पुढच्या पडद्यावर गाडी वरून दिसते, घारीला दिसावी तशी. वर कॅमेरा कुणी धरलाय, असं मी विचारलं. कुणीच नाही म्हणाला, चारी बाजूंना चार आहेत. मग वरून कसं दिसतं? त्याने पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून ‘उत्तम’ असा शेरा मारला. शिवाय या गाड्यांत बसल्या जागी खालून गार वारा येतो. सोय चांगली आहे, पण माणसाला आधी सांगायला हवं.

इथपर्यंत माझं ठीक चाललं होतं. खरा गोंधळ पुढेच झाला. काळी गाडी घरात सगळ्यांना आवडली. तिचं दार मिटतं ते जाड ग्रंथ मिटल्यासारखं, आणि सामानाची जागा एवढी की तिथे दोन खाटा मावतील. फक्त तिला जागा पाच, आणि घरात माणसं सहा. मी बोटांवर मोजलं. मग कागदाच्या पाठीवर लिहून मोजलं: चिरंजीव, सूनबाई, नात, नातू, सौ. एवढ्यात काळी भरते. सहावा मी. हे कुणालाच कसं खटकत नाही? नात तर गणितात पहिली येते. शेवटी मी कागदावर विसावी ओळ स्वतःच्या हाताने आखली, ‘माणसं’ असं लिहिलं आणि पांढरीला पैकीच्या पैकी दिले. पांढरीला तीन रांगा, सात जागा. तिची तिसरी रांग माणसाने बसण्याजोगी आहे, एवढं सिद्ध झालं की माझं काम झालं, असं मी मनाशी धरलं.

मंगळवारी आम्ही पुन्हा शोरूमवर गेलो. चिरंजीव, सूनबाई आणि सौ. काळीतून चक्कर मारायला गेली. (सौ. जाता जाता म्हणाली, ‘कुठे जाऊ नका, बसून राहा.’ मी बसूनच राहिलो, एवढं तिने नंतर लक्षात घ्यायला हवं होतं.) दारापुढे चाचणीची पांढरी उभी होती, उघडी. मधलं आसन सरकवून, एक पाय आत, मग डोकं, मग दुसरा पाय आठवून तो, असा मी तिसऱ्या रांगेत पोचलो. गुडघे हनुवटीला आले, पण वाईट नव्हतं. वर्गातल्या शेवटच्या बाकासारखं होतं. काच काळसर, आपल्याला सगळे दिसतात, आपण कुणाला नाही. बाबांनी सायकलवर शिकवलेली एक कविता म्हणावीशी वाटली. दुसरं कडवं काही केल्या आठवेना. आठवता आठवता डोळा लागला.

जाग आली तेव्हा गाडी चालली होती. एक चष्मेवाला चालवत होता, शेजारी टायवाला, आणि मधल्या रांगेत एक बाई. मला वाटलं आपलीच माणसं. मग ती बोलायला लागली आणि कळलं की माणसं आपली नाहीत, पण विषय आपलाच आहे.

‘मागची रांग हवी कशाला?’ बाई म्हणाली. ‘तुझे बाबा कधी आलेत आपल्याबरोबर?’

‘येतील की.’

‘सात वर्षं येतायत!’

‘मॅडम, अजिबात काळजी नको,’ टायवाला म्हणाला. ‘हे बटण दाबलं की मागची रांग सपाट. नुसतं सामान ठेवायचं.’ आणि त्याने बटण दाबलं.

ताई, माझ्या पाठीमागचं आसन हळूच, अदबीने वाकायला लागलं, आणि त्याच्यापुढे मी. ड्रिलच्या मास्तरांना माझ्याकडून जे कधी जमलं नाही, ते त्या यंत्राने चार सेकंदांत करून घेतलं. कपाळ गुडघ्याला टेकलं आणि नेमकं त्याच क्षणी दुसरं कडवं आठवलं. तेच मी ओरडलो. बाई किंचाळली, चष्मेवाल्याने करकचून ब्रेक लावला, टायवाल्याने दिसेल ते बटण दाबलं. आधी छप्पर उघडलं, मग काचेवरची काठी हलली, मग मी उलगडलो.

‘कोण तुम्ही?’ चष्मेवाल्याने विचारलं.

‘सहावा,’ मी म्हणालो. (डोकं ठिकाणावर नव्हतं.)

‘बघ, मागे माणूस बसतो,’ तो बायकोला म्हणाला.

‘झोपतो. बसत नाही,’ ती म्हणाली. पण बाई मनाने चांगली. पाणी दिलं, बिस्किटं दिली आणि विचारलं, आजोबा, खरं सांगा, मागे कसं वाटतं? मी खरं ते सांगितलं. गुडघे अवघडतात, खिडकी इवलीशी आहे, पण पुढच्यांचं सगळं बोलणं ऐकू येतं, आणि त्यासाठीच माणूस मागे बसतो. मग पुलावर गाड्या अडल्या आणि तासभर आम्ही तिथेच. चष्मेवाल्याला आवाज बरा आहे. मी कविता सांगितली, त्याने चाल लावली, टायवाल्याने ठेका धरला.

परतलो तेव्हा शोरूमच्या भोंग्यावरून माझं वर्णन चालू होतं: पांढरा सदरा, हरवलेली मुद्रा. सौ. म्हणाली, ‘सापडले का? म्हणजे आता न्यायला हवं.’ चिरंजीव टायवाल्याबरोबर आत गेला. त्या दिवसापासून घरात गाडीचा विषय बंद आहे आणि कागद माझ्या उशीखाली. काळी सरस की पांढरी, ते मला अजूनही कळलेलं नाही. तुझा आशीर्वाद असू दे, औषधं वेळेवर घे, आणि हे पत्र शेजारणीला वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
गोंधळलेला धाकटा

ता. क. खरं लिहायचं राहिलंच. पाच जागा पुरतात, बाबा येतातच कुठे, असं चिरंजीव म्हणतो, आणि त्याचं चुकत नाही. नऊ वर्षं त्यांनी दर वेळी विचारलं आणि दर वेळी मी ‘तुम्ही जाऊन या’ म्हटलं. मला वाटायचं, एकदा तरी कुणी म्हणेल, ‘ते काही नाही, चलाच.’ पण माणसं फार सभ्य निघाली. तेव्हा एक काम कर. त्याला फोन करून सांग की आत्या दोन महिने राहायला येतेय आणि तिला भरपूर हिंडायचंय. तुझा शब्द तो मोडत नाही. तुला धरून मोजून सात होतात. तू मधल्या रांगेत ऐसपैस बस, मागे मी बसेन. माझं नाव मात्र काढू नकोस.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात कळलं, पांढरीच घेतली. मंगळवारीच नोंदवली, मला सांगितलं नाही. कारण विचारलं तर चिरंजीव खिडकीकडे बघत म्हणाला, ‘परक्या माणसांबरोबर तासभर हिंडलात आणि हसत उतरलात. आमच्याबरोबर कधी उतरलात असे?’ सूनबाई म्हणाल्या, ‘आता विचारणारच नाही, बाबा. सरळ उचलून बसवणार.’ कागद होता, तो परत केला.

तेव्हा फोन करू नकोस, पण ये मात्र नक्की. गाडी रविवारी येतेय, आणि एक गोष्ट वर सांगायची राहून गेली. तिसऱ्या रांगेत मला भयंकर मळमळतं. मधल्या रांगेत मी बसेन. मागे तू.