रबरी बुश, लाल पेटी आणि मी

सोमवार, ४ मार्च
बुश-पुलरचा, म्हणजे जुने बुश ओढून काढायच्या अवजाराचा, सेट आला. आट्यांचा लांब बोल्ट, सोळा लोखंडी वाट्या, लाल पेटी. पुढच्या चाकांमागचे रबरी बुश, धक्के झेलणारी नळकांडी, गेलेत, खड्ड्यात गाडी खडखडते. गॅरेजवाला म्हणाला, एक दिवसाचं काम. मी म्हटलं, अर्ध्या दिवसाचं, आणि ते मीच करणार. रविवारी लेक हीच गाडी घेऊन नव्या नोकरीच्या गावी जाणार. एकटी, घाटातून. परक्याच्या हाती कसं सोपवायचं?

मंगळवार
गाडी जॅकवर चढवली, खाली स्टँड लावले. गाडीखाली गेलो नाही. पाठ धरेल अशी लक्षणं होती.

बुधवार
गेलो खाली. चार मिनिटं. वरून गाडी कुरकुरली. भ्यालो वगैरे नाही, पान्हा आणायला बाहेर आलो. तो हातातच होता, असं बायकोचं म्हणणं.

गुरुवार, दुपारी
जुना बुश निघेना. आवळतोय, आवळतोय, आणि एकदम धाड! बायको म्हणाली, गॅरेजला टाका. मी म्हटलं, आवाज झाला म्हणजे काम झालं. मग तासभर पाणी पीत बसलो.

शुक्रवार
नवे बुश बसले. चाकं हवेत असतानाच सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले, मग गाडी खाली उतरवली. जन्मात सुटायचे नाहीत. लोक उगाच मेकॅनिकना डोक्यावर बसवतात.

शनिवार
गॅरेजवाल्याला ऐटीत सांगायला गेलो. त्याने एवढंच विचारलं, शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर उतरवून केलं ना? हवेत आवळलं तर वजन आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं म्हणे. मी म्हटलं, अर्थात. घरी येऊन वाकून पाहिलं. पिळलंय. बोल्ट सोडवायला गेलो, सुटेनात.

संध्याकाळी
लेक बॅग भरतेय. मला घाटातली वळणं दिसतायत. सकाळी सांगेन, टायरमध्ये हवा कमी आहे, गाडी नको नेऊस.

रविवार, १० मार्च, सकाळी ६
हवेचं काही बोललोच नाही. किल्ली मुठीत धरून म्हणालो, "बाळा, ही गाडी नेऊ नकोस. माझं चुकलंय. मला भीती वाटते."
ती म्हणाली, "बाबा, मी बसचं तिकीट सोमवारीच काढलंय."
रागवायला तोंड उघडलं, रडूच आलं. बायकोने पाठीवर हात ठेवला. लेकीला सोडायला तिचंही तिकीट आहे. गाडी रविवारपर्यंत होणार नाही, झाली की मी ती घेऊन मागून येईन, असं दोघी धरून चालल्या होत्या.
तिसरं तिकीट मिळतंय का बघायला निघालोय. चालत.