उसनी चाल आणि पिंपातले मांस

चेरी स्ट्रीट, न्यूयॉर्क
शेवाट महिन्याचा दहावा दिवस

ज्यांच्या निवाड्यापुढे ग्रोड्नो परगण्यातील भांडखोर खाटीकही मान तुकवतात, त्या आमच्या वडीलधाऱ्या मेव्हण्यांस, रब्बी गेत्सेल यांस, प्रार्थनागायक आव्हिग्दोर हज्जानाचा आदरपूर्वक शालोम.

आपला उजवा गुडघा कसा आहे, हे आधी कळवावे. गेल्या पत्रात आपण धर्मचर्चेस चार पाने दिलीत आणि गुडघ्यास अर्धी ओळ. धर्म हजारो वर्षे टिकला आहे. गुडघ्याची तशी हमी कोठेही दिलेली नाही. इकडे मी, कन्या द्वोस्या, जावई शिमेल आणि त्याचे धर्मशुद्ध कोशेर मांसाचे दुकान, सर्व ईश्वरकृपेने ठीक. पत्रास विशेष कारण नाही. काही मागावयाचे असेल अशी शंका आपणांस येईल (मागील तीन पत्रे पाहता ती रास्त आहे), परंतु या खेपेस केवळ क्षेमकुशल.

माझ्या आवाजाचे वर्तमान मात्र खेदजनक आहे. ज्या आवाजाने आपल्या गावच्या प्रार्थनालयाच्या काचा थरथरत, त्याने आता येथील तळघरातल्या प्रार्थनालयातले मांजरही कूस बदलत नाही. प्रार्थनामंडळाचे अध्यक्ष पिन्ये झाक्स हे बटणांचे मोठे कारखानदार आहेत. (अक्षरांशी त्यांचे लहानपणीच बिनसले; प्रार्थनेचे पुस्तक बहुतेक वेळा सरळ धरतात, एवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.) हनुक्काच्या सणानंतर त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "हज्जानसाहेब, तुमचं गाणं देवाला ऐकू येतं, मान्य. पण मागच्या बाकांचं काय?" ओडेसाहून सोन्याचा दात असलेला एक तरुण गायक आला आहे. पुरीमच्या सणानंतरच्या रविवारी मतदान घेऊन आम्हां दोघांतून एकाला ठेवायचे, असे ठरले. एकोणीस वर्षे ज्या व्यासपीठावर उभा राहिलो, तेथून उतरल्यावर मनुष्याने नेमके कोठे बसावे, याबद्दल आपल्या ग्रंथांत मला अद्याप काही सापडलेले नाही.

आता वरच्या मजल्याविषयी. तेथे कॉर्नेलियस टुही नावाचा आयरिश विधुर राहतो. पूर्वी गोदीत ओझी वाहत असे. पत्नी गेल्यापासून रोज संध्याकाळी फिडलवर एकच विलापाची चाल वाजवतो. परक्यांचे संगीत कानी पडू नये म्हणून मी कानात लोकर घालत असे. पण अमेरिकेतील लोकर फारच विरळ निघाली. हा टुही शिमेलचे जुने गिऱ्हाईक. त्याच्या देशात सणाला खारवलेले डुकराचे मांस शिजवीत. तसले येथे मिळेना, तेव्हा तो आमच्या पिंपातले मिठात मुरवलेले बैलाच्या छातीचे मांस नेऊ लागला आणि त्यात कोबी उकडू लागला. वीस वर्षे त्यांच्या बंधुमंडळाच्या संतदिनाच्या जेवणावळीचा तोच आचारी. आता त्यांची नवी पिढी शपथेवर सांगते की प्रत्यक्ष त्यांचा संतही हेच जेवत असे. शिमेल त्याला डिवचतो, "काय टुहीबाबा, तुमच्या संताचं उधारखातं माझ्याकडे कसं नाही?" त्यावर टुही म्हणतो, "संत होता तो. तुझ्यासारख्याकडे रोखच देत असणार."

गेल्या महिन्यात आपल्या भगिनीची, माझ्या फ्रेय्डलची, पुण्यतिथी शब्बाथच्या दिवशी आली. दिवंगतांची प्रार्थना म्हणत असता तिच्या नावापाशी माझा आवाज फाटला. पुढची चाल आठवेना. मग तोंडाने आपणहून वाट काढली आणि मी भलत्याच सुरांत ती प्रार्थना शेवटास नेली. डोळे उघडले तो सारे प्रार्थनालय रडत होते. झाक्स यांनी तर प्रार्थनेच्या शालीतच नाक शिंकरले (हे धर्मसंमत नाही, पण त्या दिवशी मी बोललो नाही). जिना चढताना मला उमगले की ती टुहीची चाल होती.

झाक्स मागोमाग आलेच. "काय चाल आहे हो! जुनी असणार. तुमच्या मेव्हण्यांच्या घराण्यातली, नाही का?" मौन हे पाप आहे असे सांगणारे एकही वचन मला त्या क्षणी आठवले नाही. (एरवी मला वचने बरीच आठवतात.)

मन खाऊ लागले, म्हणून संध्याकाळी वर जाऊन टुहीपाशी कबुली दिली. त्याच्याकडे मी फक्त चहा घेतो, तोही काचेच्या पेल्यातून. तो पेला त्याने माझ्यापुरता वेगळा ठेवून त्यावर खडूने आमच्या धर्माची चांदणी काढली आहे. चांदणीला पाच टोके आहेत, पण भावना सहा टोकांची आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "ठाऊक आहे. तळघराच्या खिडकीशी उभा होतो मी. चोरलीत ते ठीक, हज्जानबुवा, पण दुसरी ओळ किती घाईत म्हणालात. माझी बायको काय आगगाडीने गेली?"

त्याचेही दुःख कमी नव्हते. आयर्लंडहून नवे पाद्री आले आहेत. त्यांनी भर मंडळात सांगितले की हे बैलाचे मांस आपले नव्हे, यंदा डुक्करच शिजले पाहिजे. टुहीची पळी जाण्याची वेळ आली. म्हणून तो आपल्या बहिणीला पत्र लिहीत बसला होता, की आजी हेच मांस कोबीत उकडत असे, असे लिहून पाठव. मी विचारले, "खरंच उकडायची?" तो म्हणाला, "आजी बैल विकायची. खाणारे वेगळे होते."

खोटेपणाविषयी मी त्याला पाऊण तास उपदेश केला. तो पत्र लिहीत राहिला. नंतर मी त्याच्याकडून एक कागद मागून घेतला.

वहिनींस नमस्कार, मुलांस पापे. आपल्या गुडघ्यावर ईश्वराची नजर राहो आणि माझ्या घशावर त्याची उरलेली.

आपला मेव्हणा,
आव्हिग्दोर

ता. क. ओडेसाच्या पक्षाने कुजबूज चालवली आहे की माझ्या चालीला गुत्त्याचा वास येतो. झाक्स यांना आपल्या हातचे चार ओळींचे पत्र हवे आहे, की ही चाल आपल्या आजोबांच्या काळापासून गावात गातात. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये अशी आज्ञा आहे. शेजाऱ्याच्या बाजूने देण्याविषयी ती काहीच म्हणत नाही. आणि धर्मग्रंथातल्या आपल्या पूर्वजाने थोरल्या भावाचे कपडे घालून, ताटात बकरे वाढून, आंधळ्या बापाकडून आशीर्वाद मिळवला, तो परत घेतल्याचे कोठे आहे? पत्र पुरीमपूर्वी पोचावे.

आणखी एक. गेल्या तीन संध्याकाळी टुहीने मजकडून दुसरी ओळ घोटून घेतली. काल ती त्याच्यासारखीच अगदी हुबेहूब गायिलो. झाक्स म्हणाले, "आज खरं ग्रोड्नो उतरलं. मागच्या खेपेला थोडी अमेरिका मिसळली होती."

शेवटचे. टुहीने विचारले, "मेव्हण्यांनी खरं बोलायचं ठरवलं तर?" यावर मी पुष्कळ विचार केला. आपल्या सदसद्विवेकास मी ओझे होऊ इच्छीत नाही. प्रार्थनामंडळाच्या सातही सभासदांना आपले किरटे अक्षर लागत नाही. आपली पत्रे ते माझ्याकडूनच वाचून घेतात. तेव्हा आपण खुशाल गुडघ्याविषयी लिहावे. शिक्का तेवढा ठसठशीत उमटू द्यावा.

आणि गुडघ्याचे मात्र खरे लिहा. तेवढा भाग मी मोठ्याने वाचणार नाही.